बोटीच्या तळातून निघालेली चकती

“चांगल्या धडधाकट बोटीला भोक पाड म्हणायचं, आणि वर ताकीद द्यायची की थेंब आत येता कामा नये. या लोकांच्या बोलण्याला काही आगापिछा?”

मित्रांनो, हे पुटपुटणं माझ्यापासून वीतभर अंतरावर चाललं होतं. आत्याबाई काठावर ओढून ठेवलेल्या बोटीखाली उताण्या पडल्या होत्या आणि त्यांच्या नाकासमोर मी होते. मी एक जुनी लाकडी चकती आहे. चहाच्या कपाच्या बुडाएवढी, एका बाजूला तांबडा रंग, मधोमध बारीक भोक. पण त्या दिवसापर्यंत मी चकती नव्हते. तळाच्या एका लांब फळीतला मी इवलासा भाग होते, आणि आपण वेगळं कोणी आहोत हे मला ठाऊकही नव्हतं.

बोट बाबांची. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. बंदराच्या या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, भाजीच्या पाट्या न्यायच्या, हे आमचं काम. बावीस वर्षं माझं तोंड पाण्यात होतं, पण सुकाणूच्या चाकावर बाबा असले की मला कसली काळजी नसे. पाण्याखालची वाट त्यांना घरच्या जिन्यासारखी पाठ होती. कुणी खोली विचारली की ते समोर बघतच सांगत, “इथे चार वाव. तिथे दीड.” दोन्ही हात पसरले की होतं ते एक वाव. लोक कौतुकाने ऐकत आणि बाबा आणखी थोडे ताठ होत.

गेल्या हंगामात एका स्वच्छ दुपारी, बंदराच्या तोंडाशी ज्या खडकाला आम्ही हजारो वेळा वळसा घातला होता, त्याच्यावरच बाबांनी बोट घातली. माझ्या शेजारची फळी खरवडून निघाली. बोटीत दहा माणसं होती. कुणाला काही झालं नाही, एवढंच नशीब.

त्या दिवसापासून घरात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. लेक म्हणाली, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असणार. आत्याबाई म्हणजे बाबांची धाकटी बहीण, पाहून पाहून बोटी दुरुस्त करायला शिकलेली. त्या म्हणाल्या, गाळ साचून तळच वर आलाय. शेजाऱ्यांच्या मते ओहोटी लवकर लागली. सूर्याला बोल लावला, गाळाला लावला, चंद्रालाही सोडलं नाही. बाबांना मात्र कुणी काही म्हणालं नाही. आणि महिन्याभराने लेकीने खोली मोजणारं यंत्र आणलं. “हल्ली सगळेच बसवतात, बाबा,” ती म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता.

हे यंत्र म्हणजे काशाचं एक बुटकं नळकांडं. ते पाण्यात आवाज सोडतं, तळावर आपटून परत आलेला आवाज ऐकतं आणि चाकाशेजारच्या पडद्यावर आकडा दाखवतं. त्याचं तोंड बोटीच्या तळाशी अगदी सपाट बसावं लागतं. कड जराशी वर राहिली तर पाणी अडखळतं, बुडबुडे होतात, आणि यंत्र बहिरं होतं.

जागा शोधण्यातच आत्याबाईंनी अर्धा दिवस घातला. बोट ढकलणाऱ्या पंख्यापासून लांब हवी, पुढे कुठल्या नळीचं तोंड नको, आतून नट फिरवायला हात पोचला पाहिजे. शेवटी त्यांनी खडूने खूण केली.

“दादा, इथे आत फासळी आहे का रे?”

“छे. बोट बांधताना मी स्वतः उभा होतो. मोकळी जागा आहे. पाड बिनधास्त.”

आत्याबाई ‘बरं’ म्हणाल्या. मग कण्हत उठल्या, बोटीत चढल्या, पायाखालच्या फळ्या उचलून आत हात घातला. तळाला आधार देणारं आडवं लाकूड हाताला लागलं. फासळी होती. नेमकी तिथेच होती. खाली येऊन त्यांनी खूण पुसली आणि चार बोटं सरकून माझ्यावर नवी केली.

“काय झालं गं?” बाबांनी विचारलं.

“माझी पट्टीच मेली झिजलीय. शून्य दिसत नाही तिच्यावर.”

पट्टी नवीकोरी होती. मी जवळून पाहिली आहे.

मग काम सुरू झालं, आणि मित्रांनो, ते काम बघण्यासारखं होतं. आधी खुणेवर एक बारीक भोक. मग बाहेरून मोठ्या गोल करवतीने, यंत्राची कड जेवढी जाड तेवढीच खोल, एक चर. मग लहान करवत आरपार. जराशी चरचर झाली आणि मी आत्याबाईंच्या तळहातावर आले. मग पटाशीने त्यांनी कडेचं लाकूड पातळ पातळ सोलून काढलं. मध्येच डोळे मिटून बोट फिरवत, कारण बोटाला कळतं ते डोळ्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. उघड्या लाकडाला राळ पाजली. दुसऱ्या दिवशी पाणी रोखणाऱ्या सीलंटचा जाड थर देऊन यंत्र बसवलं. आत लेक नट आवळत होती.

“आत्या, आणखी एक फेरा देऊ?”

“दे की. मग पाण्यात फळी फुगून तडकली की तूच बस भोकावर. हाताने घट्ट, वर अर्धा फेरा. बास.”

बाबांनी भुशातून मला उचललं, फुंकर मारली, नाकाशी धरलं. “चांगलं लाकूड होतं.”

“होतं काय, आहे,” आत्याबाई म्हणाल्या. बाबांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकलं.

बोट पाण्यात सोडली तेव्हा आत्याबाई नटाखाली कोरडा कागद पसरून तीन तास तिथेच बसून राहिल्या. कागद कोरडाच राहिला. तेव्हा तुम्हाला एवढंच सांगते, यंत्राच्या तोंडावर जाड रंग फासू नका, चिकटलेले शिंपले हलक्या हाताने काढा. आणि चांगल्या वस्तूला भोक पाडायची वेळ आलीच, तर आत्याबाईंएवढी सवड काढून पाडा.

मग तिघंही चाचणीला निघाले. चाकावर बाबा. बंदराच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी पडद्याकडे न बघता सांगितलं, “इथे चार वाव.”

पडद्यावर दोन होते. मग दोनाच्या खाली. लेकीने चाकावर हात ठेवून ते हळूच वळवलं. आकडा वर गेला.

“ते मीटरमध्ये दाखवतं, बाबा. तुम्ही वावात सांगता, म्हणून जुळत नाही.”

“नाहीतर काय,” आत्याबाई घाईने म्हणाल्या. “त्या मशीनला आपली मापं कुठली कळायला?”

बाबांनी इंजिन मंद केलं. चाक त्यांनी लेकीच्या हातात सोडलं आणि बाजूच्या फळीवर बसले.

“चार वाव म्हणजे सात मीटरच्या वर,” ते म्हणाले. “हिशोब येतो मला अजून. त्या दिवशी ऊन नव्हतं गं डोळ्यांवर. गाळही नव्हता. खडक कुठे आहे, तेच मला आठवलं नाही.”