ब्रोचची पाठ

माझ्याकडे दागिना घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी त्याचं तोंड दाखवतो. खडे कसे चमकतायत, पानं कशी नाजूक आहेत, वगैरे. मी तो हातात घेते आणि सरळ उलटा करते. लोकांना राग येतो. येऊ दे. समोरून दागिना वाटेल ते सांगतो, पाठीमागून त्याला खोटं बोलणं जड जातं. पिन कशी बसवलीय, आकडा कसला आहे, शिक्का कुठे मारलाय, एवढं बघितलं की निम्मं काम होतं.

खोटे दागिने हा माझा विषय. त्यातही जर्मन बनावटीचे, जुने. लंडनमधल्या ईलिंगच्या एका चॅरिटी शॉपमध्ये ट्रेमधले ब्रोच निवडता निवडता हा नाद लागला आणि आता शनिवारच्या बाजारात माझं स्वतःचं टेबल असतं. आमच्या मंडळातल्या बायका येतात आणि विचारतात, "सोन्याचं आहे का गं?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो आणि माझं डोकं फिरतं.

सुप्रभाकाकूंनी ते विचारलं नाही. माझ्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या गेल्यावर त्या मागे रेंगाळल्या आणि पर्समधून एक रुमाल काढला.

"वीणा, हा कधीचा आहे तेवढं सांग. बाकी काही नको."

काकू सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे यजमान रघुवीरकाका भूलतज्ज्ञ. इथल्या हॉस्पिटलात नोकरीला लागले तेव्हापासून दोघं ईलिंगलाच. मी त्यांना पंधरा-वीस वर्षं ओळखते, पण त्यांना निधी नावाची धाकटी बहीण होती हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

निधी नर्सिंगसाठी पश्चिम जर्मनीत गेली आणि तिथल्या एका घटस्फोटित माणसाशी लग्न करून बसली. वडिलांनी तिचं नाव टाकलं. १९८७ साली त्यांनी घरात सांगितलं की निधी अपघातात गेली, आता हा विषय नको. कोणी तिकडे गेलं नाही, कोणी काही पाहिलं नाही. काकू तेव्हा इथे, मुलगा पोटाशी. त्यांना फोनवर कळलं. पण वडिलांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी त्यांची ख्याती नव्हती. स्वतःच्या सख्ख्या भावालाही त्यांनी असंच मारून टाकलं होतं, आणि तो भाऊ पुढे एका लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून घेताना सापडला. पुढच्याच वर्षी वडील गेले. आईने मात्र शेवटपर्यंत निधीचं नाव काढलं नाही.

आई गेल्या वर्षी गेली. पुण्याचं घर आवरताना वातींच्या डब्यात, अगदी तळाशी, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला हा ब्रोच निघाला.

"आईकडे ब्रोच कुठून येणार? निधीनेच पाठवला असणार," काकू म्हणाल्या. "कधी, एवढाच प्रश्न आहे. सत्त्याऐंशीच्या आधी की नंतर."

मी ब्रोच उलटा केला. पुढे एक डहाळी, पानांमध्ये निळ्या काचेचे खडे. पाठ लखलखीत. पिनेच्या खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत एकच शब्द: जर्मनी.

आता यातली गोम अशी. जर्मनी दोन होते तोवर पश्चिमेकडचे कारखाने बाहेर जाणाऱ्या मालावर बहुतेक 'वेस्टर्न जर्मनी' असा शिक्का मारत. १९९० मध्ये देश एक झाला आणि 'वेस्टर्न' गळालं. नुसतं 'जर्मनी' असेल तर वस्तू एक तर युद्धाच्या आधीची, नाहीतर नव्वदनंतरची. युद्धाच्या आधीची घडण ही नव्हे, एवढं मला कळत होतं. खरं सांगायचं तर नव्वदनंतरचीही वाटत नव्हती. साठ-सत्तरच्या दशकात अशा डहाळ्या ढिगाने निघाल्या. पण कारखाने जुने साचे वर्षानुवर्षं चालवतात, आणि पाठ तर काल दुकानातून आणल्यासारखी चमकत होती.

"बहुधा नव्वदनंतरचा," मी म्हणाले.

माझ्या तोंडून 'बहुधा' निघालं. काकूंच्या कानात ते शिरलंच नाही. त्या सोफ्यावर बसल्या आणि तिळगुळाच्या ताटलीकडे बघत रडायला लागल्या. मग हसल्या. "म्हणजे जिवंत होती गं! बाबांनी थापच मारली होती!"

पुढचे दोन-तीन महिने काकू ओळखू येईनात. ब्रिस्टलला विमानाच्या कंपनीत इंजिनिअर असलेल्या मुलाला, परीक्षितला, त्यांनी कामाला लावलं. जर्मनीतल्या कुठल्या कुठल्या टाउन हॉलना निधीची नोंद शोधायला ई-मेल गेले. फोनवरच्या अ‍ॅपमधून त्या जर्मन शिकायला लागल्या. काका वैतागून म्हणायचे, "अगं, सकाळी चहा मागितला तर ही मला गुटेन टाग म्हणते!" पण त्यांचेही डोळे हसत असायचे. पार्लरमध्ये जाऊन केस कापून आल्या. "निधी ओळखेल ना मला?" असं मला विचारलं. मीही त्या आनंदात वाहवत गेले, का नाही जाणार? माझ्या विद्येने कोणाचं इतकं भलं कधी झालं नव्हतं.

मे महिन्यात स्टुटगार्टची तिकिटं काढली, निधीची शेवटची नोकरी तिथलीच. जायच्या आधी काकूंनी ब्रोच माझ्याकडे दिला. एक खडा हलत होता. "घट्ट करून दे. तिला भेटताना लावायचाय."

खडा बसवायला पिन पूर्ण मागे वळवावी लागली. दिवा टेबलावर आडवा ठेवला होता, उजेड एका बाजूने येत होता. 'जर्मनी'च्या आधी थोडी जागा मोकळी होती. शिक्का मधोमध नव्हता, हे मी आधी का पाहिलं नाही देव जाणे. त्या मोकळ्या जागेत, पिनेच्या बिजागरीला चिकटून, दोन अक्षरांची शेपटं दिसली. आर आणि एन. भिंग लावलं. त्याच्या आधी एस आणि टीची सावली. वेस्टर्न.

मी तशीच उठून काकूंच्या घरी गेले.

त्या स्वयंपाकघरात होत्या. बॅग भरून पॅसेजमध्ये ठेवलेली.

"काकू, हा तुम्हाला सापडला तेव्हा असाच चमकत होता?"

"छे गं, काळा ठिक्कर होता! तुला दाखवायचा म्हणून मी दुपारभर घासला. चिंच आणि रांगोळी. मग ब्रशने, मग अंगठ्याने. देवाची उपकरणी घासतो तसा. यू शुड हॅव सीन इट."

जर्मन कलाकुसरीवरच्या कुठल्याही पुस्तकात ही रीत लिहिलेली नाही. आपल्याकडे मात्र वस्तू माणसापुढे न्यायची तर आधी घासायची. काळी वस्तू दाखवायची म्हणजे घराची लाज. शिक्का उथळ होता. पिनेच्या आडोशाला असलेला 'जर्मनी' अंगठ्यापासून वाचला. उघड्यावरचा 'वेस्टर्न' काकूंनी स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता.

मी सांगितलं. लपवण्याचा विचार आला होता, पण त्या बॅगेकडे बघून धीर झाला नाही. काकूंनी गॅस बंद केला.

"पण काकू, बनवला आधी असला तरी पाठवला नंतर असू शकतो," मी घाईघाईने म्हणाले. "जुने ब्रोच लोक नंतरही विकत घेतात. मी स्वतः विकते."

"नाही गं." त्या खुर्चीवर बसल्या. "माझ्या आईच्या घरात पितळेची पळीसुद्धा कधी काळवंडलेली दिसली नाही. बाबा गेल्यावर हा आला असता तर तिने घासून देव्हाऱ्यात ठेवला असता. कोणाला भ्यायची ती मग? हा लपवलेला होता, वीणा. काळा पडेपर्यंत लपवलेला. म्हणजे बाबा होते तेव्हाचा. आणि बाबा तर निधीच्या बातमीनंतर वर्षभरातच गेले. तेवढ्या वर्षात आला असता तर आईने मला कसंही करून कळवलं असतं. म्हणजे बातमीच्या आधीचाच हा."

मी ब्रोच त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

"मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तू नव्वद म्हणालीस म्हणून विसरता आलं."

स्टुटगार्टला कोणी गेलं नाही. ई-मेलची उत्तरं आली ती सगळी सारखीच, या नावाची नोंद नाही. परीक्षितने आणखी एकदा प्रयत्न करू म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "राहू दे, तुझी कामं कर." जर्मनचं अ‍ॅप काकांनी गुपचूप काढून टाकलं. मला त्यांच्याकडे जायची लाज वाटायची आणि न जाण्याचीही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फराळाचा डबा घेऊन गेले. काकू सिंकपाशी उभ्या होत्या. निरांजन, ताम्हन, पळी, घंटा, सगळं पेपरावर मांडलेलं. वाटीत चिंचेचा कोळ, शेजारी रांगोळीचं पाकीट. आणि त्यांच्या हातात ब्रोच. अंगठा पाठीवर गोल गोल फिरत होता.

मी ओरडणारच होते. सवयीने. जुन्या वस्तूला असा कोणी हात लावला की माझा तोल जातो.

त्यांनी ब्रोच पाण्याखाली धरला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे केला. पाठ वर. पिन मुळापासून उपटून टाकलेली. मी खिडकीशी नेऊन पाहिला, आडव्या उजेडात पाहिला. 'वेस्टर्न' नव्हतं. 'जर्मनी'ही नव्हतं. गुळगुळीत पांढरा पत्रा.

"आता सांग," काकू म्हणाल्या, "कधीचा आहे?"

"आता नाही सांगता येणार, काकू."

"कोणालाच?"

"कोणालाच नाही."

त्यांनी मान हलवली, ब्रोच माझ्या हातातून घेतला आणि ताम्हन घासायला घेतलं.