रांगेत अडकलेली दुरुस्ती

ताईंनी अकरा वर्षांपूर्वी आपल्या दवाखान्यातल्या औषधांचा साठा सांभाळायला एक प्रोग्रॅम लिहिला आणि ज्याला हवा त्याला फुकट देऊन टाकला. त्या फार्मासिस्ट, कोड लिहायचं वेड नोकरीबाहेरचं. बघता बघता तो शेकडो लहान दवाखान्यांत पोचला आणि ठिकठिकाणचे हौशी लोक दुरुस्त्या पाठवू लागले. प्रत्येक ओळ ताई स्वतः तपासणार, मगच ती आत जाणार. व्हायचं तेच झालं: चारशे बारा दुरुस्त्या तुंबल्या, काही तर दोन-दोन वर्षं. ताई वरवर कपाळाला हात लावायच्या, पण खरं सांगायचं तर त्यांना ती रांग आवडायची. चारशे जण आपल्या होकारासाठी खोळंबलेत, हे सुख काही लहान नाही.

मग त्यांनी आपल्याच हाताने घोळ घातला. धाकट्या भावाची बायको दातांची डॉक्टर. तिला म्हणाल्या, "अगं, तुला येतं ना थोडंफार कोड? जरा हातभार लाव की." तपासायचे अधिकारही देऊन बसल्या.

भावजयीने दोन महिन्यांत तीनशे उरकल्या. वर प्रत्येकाला दोन ओळी: छान झालंय, एवढं एक बदला, पाठवत राहा. रुसून गेलेली माणसं परत आली. "डॉक्टरबाई आल्या आणि कामात जीव आला," असं दुरुस्त्या पाठवणाऱ्यांच्या गटावर कुणीतरी लिहिलं, तेव्हा ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं काय इथे मढं पडलं होतं?

त्यातच ठरलं, की शेवटची मंजुरी यापुढे कुणाच्या हातात ठेवायची, यावर पुढच्या रविवारी सगळ्यांनी मत द्यायचं.

हे ठरलं त्याच दिवशी ताई भावजयीने मंजूर केलेलं उकरायला बसल्या, आणि दुपारपर्यंत हवं ते सापडलं. औषधाच्या डबीवर मुदतीचा नुसता महिना आणि वर्ष असतं. औषध त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालतं. एका नव्या बदलामुळे ते एक तारखेलाच बाद दिसत होतं. दात उपटणाऱ्यांना हे कुठून कळणार! बदल दवाखान्यांत पोचलाही होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. ताईंनी ते रविवारच्या बैठकीसाठी राखून ठेवलं. शिवाय भावजयीकडून आलेलं काहीच तोवर उघडायचं नाही, असं ठरवलं. तुंबू दे जरा तिचंही.

रविवारी पडद्यावर वीस-बावीस चेहरे जमले. ताईंनी चूक सगळ्यांसमोर मांडली, अगदी चवीचवीने.

"हो ताई, चुकलंच माझं," भावजय म्हणाली. "मला सोमवारी कळलं. दुरुस्ती लगेच पाठवली, तीन वेळा आठवणही करून दिली. पण आपलं काम आपणच मंजूर करायचं नाही, हा तुमचाच नियम. अधिकार आपल्या दोघींनाच. तुमच्याकडेच आहे ती."

ताईंनी यादी उघडली. होती.

"आम्ही बुधवारी तापाच्या औषधाच्या चाळीस बाटल्या फेकल्या," एका आडगावच्या दवाखान्यातली परिचारिका म्हणाली. "बाद दिसत होत्या म्हणून. आज पोरांना द्यायला एकही नाही. ताई, तुम्हाला कधी कळलं हे?"

ताई ती यादीच पुन्हा वरखाली करू लागल्या.

"आज सकाळीच कळलं असेल," भावजय घाईने म्हणाली. "किती व्याप असतो त्यांच्यामागे."

तिने खरं ओळखलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून ताईंना ते स्पष्ट दिसलं. सगळ्यांदेखत ती त्यांच्या चुकीवर पांघरूण घालत होती, तेही किती सहज.

"नाही," ताई ताडकन म्हणाल्या. "मला आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं."

मग मत घ्यायची वेळच आली नाही. ताईंनी भावजयीची दुरुस्ती मंजूर केली. ती त्यांची शेवटची मंजुरी. निदान खरं तरी बोललात, असं परिचारिकेने नंतर लिहिलं. ताईंनी ते वाचलं आणि त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. खऱ्याची चाड त्यांना त्या क्षणी नव्हतीच. भावजयीचे उपकार नको होते, एवढंच.