सगळ्यांना परवानगी

आईचा एकच व्हिडिओ उरला होता, आणि ज्या कॉम्प्युटरमध्ये तो होता तो शेवटचे आचके देत होता. आई जायच्या आधी माझ्या भावाने, हितेंद्रने, मोबाइलवर काढलेला. "तुझ्याशी बोललीय ती, बघ," म्हणून त्याने तो घरच्या कॉम्प्युटरवर टाकला. पुढे त्याचा मोबाइलच चोरीला गेला. दोन वर्षं मी तो व्हिडिओ उघडला नव्हता. धीरच झाला नाही, खोटं कशाला बोलू!

रविवारी सकाळी डिस्क पातेलं खरवडल्यासारखी वाजायला लागली. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, बंद केलात तर परत चालू होणार नाही. काही उघडत बसू नका, पहिलं कॉपी करा." पेनड्राइव्ह लावला की मशीन थिजायचं. राहिला एकच रस्ता, वायफायवरून फाइल लॅपटॉपवर ओढायची. तिथे कॉम्प्युटरची राखणदार फायरवॉल आडवी आली.

लॅपटॉपला कॉम्प्युटर दिसत होता, पण फोल्डर उघडेना. फायरवॉलमध्ये नियम घातला, लॅपटॉपला परवानगी दिली, तरी नकारच. डोकं आपटून घ्यायची वेळ आली तेव्हा चूक सापडली. आमचं नेटवर्क मीच कॉम्प्युटरवर 'पब्लिक', म्हणजे परक्यांचाही वावर असलेलं, असं नोंदवून ठेवलं होतं, कारण ते शेजारच्या रखमाकाकूही वापरायच्या. नायगावच्या चाळीत आमच्या दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी असायची. टॉवरमध्ये आलो आणि दारं बंद झाली. निदान वायफायचा पासवर्ड तरी द्यावा म्हणून दिला. आणि पब्लिक नेटवर्कवर फायरवॉल फाइल बाहेर सोडत नाही. माझंच शहाणपण माझ्या अंगाशी आलं होतं.

मग मी मागचापुढचा विचार केला नाही. नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, शेअरिंगच्या दिसेल त्या चौकटीत टिक मारली आणि सगळ्यांना परवानगी देऊन टाकली. फोल्डर उघडलं! कॉपी सुरू झाली. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. "चल गं बाई, चल," मी हात जोडून म्हणत होते. अर्ध्यावर ती अडली. डिस्क कण्हली आणि गप्प झाली. स्क्रीन काळी पडली. मी बटण दाबलं, परत दाबलं, वायर काढून लावली, शिव्या घातल्या, रडले. काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात दार वाजलं. रखमाकाकू उभ्या होत्या, हातात रिमोट, गाल ओले. माझ्या आईला नुसत्या नावाने हाक मारणाऱ्या आता त्याच एक उरल्या होत्या.

"अनू गो! शेवंती आमच्या टीव्हीत बोलली!"

त्यांच्या टीव्हीवर आमच्या कॉम्प्युटरचं नाव आलं होतं. आत आईचं चित्र दिसलं म्हणून त्यांनी बटण दाबलं. मी सगळ्यांना परवानगी दिली होती, त्यात त्याही आल्याच. मी इकडून फाइल ओढत होते आणि त्या तिकडे तोच व्हिडिओ बघत होत्या. मरायला टेकलेल्या डिस्कला दोघींचं ओझं झेपलं नाही.

त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं मला. मी त्यांचे खांदे धरले.

"काकू, काय बोलली आई? काय म्हणाली?"

"तुझा नाव घेतल्यान. अनू म्हणान हाक मारल्यान... आणि माका रडूच इला गो. फुडचा काय आयकाकच येवक नाय." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि माझा हात धरला. "आता नीट आयकतंय. लाव बघू परत, दोघी बसान आयकूया."