सात कुंड्या आणि एक भोंगा

सासऱ्यांनी सिगारेट सोडल्याला आठ महिने झाले आणि सासूबाईंनी माळ्यावरून बॅग काढली. मोठी, चाकांची. रविवारी सकाळच्या गाडीने लेकीकडे जायचं आणि परत कधी यायचं ते ठरवायचं नाही, असं त्यांनी भाजी निवडता निवडता जाहीर केलं. आवाज चढवून नाही. वाण्याकडून काय आणायचं ते सांगतात तशाच सुरात. म्हणून आम्ही सगळे जास्त घाबरलो.

कारण होतं हॉलमधला धुराचा भोंगा. एका आठवड्यात तो तिसऱ्यांदा वाजला होता.

हा भोंगा सासूबाईंनीच बसवून घेतलेला. हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी सासऱ्यांना बजावलं की यापुढे एकही सिगारेट नाही, आणि सासऱ्यांनी मान डोलावली. सासूबाईंचा त्या मानेवर विश्वास नव्हता. ती याआधी पाच वेळा डोललेली होती. त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हॉलच्या खिडकीपाशी, जिथे उभं राहून सासरे चाळीस वर्षं झुरके मारत आले होते, तिथे बरोबर डोक्यावर छताला बशीएवढा पांढरा भोंगा लावून घेतला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, मावशी, हा स्वयंपाकघराच्या दाराशी लावतात. सासूबाई म्हणाल्या, माझ्या घराला आग इथून लागते.

साडेसात महिने भोंग्याने चकार शब्द काढला नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं सासूबाई शेजारणीला सांगू लागल्या. आठवण येते का हो, असं त्यांनी सासऱ्यांना अधूनमधून विचारून पाहिलं. छे, पहिल्या आठवड्यातच तल्लफ मेली, असं उत्तर त्यांना मिळे. डॉक्टरांनाही तेच, शेजाऱ्यांनाही तेच. सासरे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन होते. उजव्या हातात पेन आणि डाव्यात सिगारेट अशी त्यांची सारी नोकरी गेली. आता रिकाम्या डाव्या हाताला त्यांनी झारी दिली होती. खिडकीत एकाच्या दोन आणि दोनाच्या सात कुंड्या झाल्या. एका व्यसनाच्या बदल्यात सात झाडं, सौदा बरा आहे, असं आम्ही म्हणायचो.

मग सोमवारी दुपारी चारला भोंगा वाजला. बुधवारी वाजला. शुक्रवारी पुन्हा. सासूबाई दुपारची झोप मोडून तिन्ही वेळा धावत आल्या आणि तिन्ही वेळा तेच दृश्य दिसलं: खिडकी सताड उघडी, वर भोंगा ठणाणा करतोय आणि त्याच्या खाली सासरे उभे. तोंडात लवंग आणि चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.

"ओढलीत ना?"

"नाही."

"मग वाजला कशाने?"

"मला काय माहीत? बिघडला असेल."

गुरुवारी इलेक्ट्रिशियन येऊन गेलाच होता. त्याने बटण दाबलं, बॅटरी बदलली आणि काडी पेटवून खाली धरली. भोंगा लगेच कोकलला. यंत्र ठणठणीत आहे, मावशी, ते कशाला खोटं बोलेल, असं म्हणून तो चहा पिऊन गेला. त्या वाक्याने सासऱ्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं चाळीस वर्षांच्या सिगारेटींनी केलं नसेल.

माझ्या नवऱ्याने मध्यस्थी करून पाहिली. बाबा, एकच ओढली म्हणून सांगून टाका, आईचा राग दोन दिवसांत उतरेल, असा सल्ला त्याने दिला. सासरे त्याच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई ओट्याशी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. त्या हळूच म्हणाल्या, "माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज अर्ध्या पट्टीने वर जातो. ह्यांचा गेलाय. एवढं मरणाच्या दारातून आणलं, आणि हे... मी नाही बघत बसणार."

माझंही मत काहीसं तसंच होतं. सासरे काहीतरी लपवत होते. फक्त एक गोष्ट खटकत होती. तिन्ही वेळा हॉलमध्ये धुराचा वास नव्हता. ओल्या मातीचा होता. अर्थात खिडकी उघडी असताना वास नसणं हा कसलाच पुरावा नाही.

पुरावा हा माझ्या नोकरीतला शब्द. मी धान्याच्या गोदामांच्या प्रयोगशाळेत काम करते. पोत्यांमधून नमुने येतात, मी ते चाळते आणि कोणता किडा आहे, तो कुठून आला, त्याला काय आवडलं, ते लिहून देते. घरात या विद्येला फारशी किंमत नाही. झुरळ दिसलं की मला हाक मारतात, मी त्याची जात सांगू लागले की म्हणतात, ते असू दे, आधी चप्पल घे.

शनिवारी मला सुट्टी होती. पावणेचारला मी हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसले. चारला पाच मिनिटं असताना सासरे आले. मला पाहून थोडे थबकले, मग लवंग तोंडात टाकली, झारी भरली आणि पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली. खिशात हात नाही, काडी नाही, काही नाही. मात्र पाणी पडलं की प्रत्येक कुंडीतून मुठीएवढा बारीक काळा ढग उठत होता आणि पडद्याच्या कडेने वर जात होता. चिलटं. पाचव्या कुंडीला भोंगा वाजला.

सासूबाई पदराला हात पुसत दारात उभ्या. मी त्यांना सांगितलं की मी इथेच होते, बाबांच्या हातात झारीशिवाय काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू त्यांचीच बाजू घेणार. त्यांनी तुझ्याकडून रोज झाडांची लॅटिन नावं ऐकून घेतलीत." हे खरं होतं. साक्षीदार म्हणून मी बाद झाले.

मग मी स्टूल आणलं, भोंगा फिरवून छतावरून काढला आणि जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरून त्याचं झाकण उघडलं. कागदावर आधी थोडी धूळ पडली. नंतर पंख, पाय, काळ्या ठिपक्यांसारखी सुकलेली शरीरं. मी चिमट्याने ती बाजूला केली. आतल्या छोट्या काळ्या डबीत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाळं होतं आणि कडेला, मोहरीच्या दाण्याहून लहान, एक कोळी पाय आवळून बसला होता.

सासूबाई भिंग घेऊन वाकल्या. मी त्यांना समजावून सांगितलं. या यंत्राला धूर कळत नाही. आत उजेडाची एक बारीक तिरीप असते. तिच्या वाटेत काही आलं आणि उजेड विखुरला की ते बोंब मारतं. तो धूरच असायला हवा असं नाही. हा कोळी आत अलीकडेच राहायला आला असणार. एरवी तो कडेला गप्प बसतो. चिलट जाळ्याला लागलं की तो धावतो, आणि त्याची धावायची वाट नेमकी तिरिपीतून जाते. इलेक्ट्रिशियन आला तेव्हा कोळी जेवायला बसलेला नव्हता, एवढंच.

"चिलटं माझ्या स्वयंपाकघरातली नाहीत," सासूबाई पहिल्याप्रथम म्हणाल्या.

तेही खरं होतं. पिकल्या केळ्यावर येतात ती चिलटं बुटकी असतात, पिंगट, लाल डोळ्यांची. ही काळी, सडपातळ, लांब पायांची, डासाची गरीब भावंडं. ती कुणाला चावत नाहीत, रोग आणत नाहीत, धड उडतही नाहीत. त्यांना फक्त सतत ओली माती लागते. वरच्या थरात बुरशी धरली की तिथे ती अंडी घालतात आणि अळ्या ती बुरशी खाऊन वाढतात.

सासूबाई भिंग खाली ठेवून म्हणाल्या की हे सगळं तू पुस्तकातून सांगतेस, मला डोळ्यांनी दाखव. या बाबतीत त्या माझ्या साहेबांपेक्षा कडक आहेत. मी एका बटाट्याच्या सात जाड चकत्या कापल्या आणि प्रत्येक कुंडीत मातीवर एक एक दाबून ठेवली; अळ्या असल्या तर रात्रीतून बटाट्याखाली जमतात. सासरे हे सगळं सोफ्यावरून पाहत होते. त्यांची सुटका जवळ आली होती, तरी ते मुळीच खूश दिसत नव्हते. उलट ते म्हणाले, झाडांना कशाला त्रास देतेस, भोंगा साफ झाला ना, मिटलं.

रविवारी सकाळी बॅग दाराशी भरून उभी होती. मी पहिली चकती उलटली. खालच्या बाजूला काचेच्या धाग्यांसारख्या पारदर्शक अळ्या वळवळत होत्या, प्रत्येकीला टाचणीच्या टोकाएवढं चकचकीत काळं डोकं. दुसऱ्या चकतीखाली तशाच. सातही चकत्या तशाच निघाल्या. सासूबाईंनी भिंगातून सातही पाहिल्या, एकही न वगळता.

"म्हणजे ओढली नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती," मी म्हणाले. तिथे थांबायला हवं होतं. पण मी कुंडीत बोट खुपसून पाहिलं होतं, आणि सवयीने पुढचं बोलून गेले. "पण आई, एवढ्या अळ्या व्हायला माती कित्येक महिने कोरडीच झाली नसली पाहिजे. ही झाडं तर आठवड्यातून दोनदा पाणी मागणारी आहेत. बाबा, दिवसातून किती वेळा घालता?"

"हवं असेल तेव्हा," सासरे म्हणाले. आवाज अर्ध्या पट्टीने वर गेला. मलाही ऐकू आला.

सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. "झाडांना हवं असेल तेव्हा?"

सासऱ्यांनी खिडकीतल्या कुंड्यांकडे पाहिलं.

"मला," ते म्हणाले.

मग ते सांगू लागले. नकाशा समजावून सांगावा तसं, क्रमाने. तल्लफ पहिल्या आठवड्यात मेली नव्हती. अजूनही मेलेली नाही. ती आली की डाव्या हाताला काहीतरी हवं असतं, म्हणून झारी. पहिल्या महिन्यात एकच झाड होतं. त्याला दिवसातून पंधरा वेळा पाणी मिळालं आणि ते कुजून गेलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भार वाटला पाहिजे. म्हणून दुसरी कुंडी आली, मग तिसरी. सात कुंड्यांत फिरवून फिरवून घातलं तर झाडंही तगतात आणि कुणाच्या डोळ्यांवरही येत नाही. चारची वेळ सगळ्यात वाईट. कचेरीत चहा तेव्हा यायचा. चारला एका कुंडीने भागत नाही, सातही लागतात.

"काल किती वेळा आली?" सासूबाईंनी विचारलं.

"नऊ."

"आणि मला आठ महिने सांगत होतात की आठवणसुद्धा येत नाही."

"तुला बरं वाटायचं ना," सासरे म्हणाले. "तू शेजारी सांगत होतीस."

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी खोटं बरोबर ओळखलं होतं. फक्त ते कशाबद्दल आहे, तिथे त्यांची चूक झाली होती. माझा नवरा रिक्षा आली म्हणून सांगायला आत आला, आमचे चेहरे पाहिले आणि रिक्षा परत पाठवायला निघून गेला. आमच्या लग्नानंतर इतक्या झटकन त्याला काही कळल्याचं मला आठवत नाही.

पुढची व्यवस्था सासूबाईंनी लावली. झारी त्यांनी जप्त केली. मातीवर मी कोरड्या वाळूचा थर दिला, प्रत्येक कुंडीत पिवळं चिकट कार्ड खोचलं, आणि पाणी फक्त बुधवारी व रविवारी, माझ्या हाताने. भोंगा स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. कोळ्याला मारायचं नाही असं सासूबाईंनी बजावलं. त्याने खऱ्या बाजूने साक्ष दिली होती. मी त्याला कागदावर घेऊन जिन्यातल्या खिडकीत सोडलं.

"आणि तल्लफ आली की झाडांना नाही सांगायचं," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "मला हाक मारायची. जे हातात असेल ते टाकून येईन."

पहिल्या दिवशी त्यांनी अकरा वेळा हाक मारली. सासूबाई अकरा वेळा गेल्या. कधी कणकेच्या हाताने, कधी अर्धी वेणी तशीच सोडून. समोरासमोर बसून दोघं काय बोलत ते मला ठाऊक नाही; एकदा जाता जाता फक्त एवढं ऐकलं की सासरे कुणा जुन्या साहेबाची नक्कल करत होते आणि सासूबाई म्हणत होत्या, हे मला कधीच सांगितलं नव्हतंत.

मी कार्डांवरची चिलटं रोज मोजून लिहीत होते. पहिल्या दिवशी चाळीस, आठवड्याने सव्वीस, तीन आठवड्यांनी दोन. सहज म्हणून शेजारच्या रकान्यात हाकाही लिहिल्या होत्या. त्या आधी कमी झाल्या, अकराच्या पाच झाल्या, आणि मग पुन्हा वाढून आठांवर जाऊन थांबल्या. हे मला पटेना. सासऱ्यांची तब्येत सुधारत होती, लवंगेची डबी तीन दिवसांत उघडली नव्हती. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना आकडे दाखवले.

"माहीत आहे," त्या कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "कालच्या आठांतल्या दोनच खऱ्या होत्या."

मग जाता कशाला, असं मी विचारणार होते, तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, "अगं."

सासूबाईंनी गॅस बारीक केला, हात धुतले आणि गेल्या.