एसीतली घाण

नवऱ्याचा गाडीवर भारी जीव, पण सगळा बाहेरून. सुट्टीच्या दिवशी तो तिला न्हाऊमाखू घालायचा, काचा लख्ख पुसायचा. बॉनेट उघडायचं मात्र त्याच्या जिवावर यायचं. सर्व्हिसिंगचा विषय काढला की म्हणायचा, "चालतेय ना? मग उगाच कशाला खोलायची?"

एसी लावला की आत कुबट वास सुटायचा. त्यावर त्याने आरशाला अत्तराची कुपी टांगली. कुजक्या वासात गुलाब मिसळला आणि बायकोला जास्तच मळमळायला लागलं. मागे बसलेल्या सासूबाईंना तर खोकल्याची उबळच यायची. "वय झालं आता," म्हणून तो मोकळा.

शेवटी तो कामावर गेल्यावर सासूबाईंना सोबत घेऊन तिने गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिकने डॅशबोर्डचा कप्पा उतरवला, त्यामागचा एसीचा फिल्टर ओढला आणि तोंड फिरवलं. फिल्टर कसला, उंदरांचं बाळंतघर होतं ते. सीटचा कुरतडलेला स्पंज, लेंड्या, ओलसर केस आणि त्यातच चिकटून वाळलेली पिल्लं. शेजारच्या वायरीही सोललेल्या, आतलं तांबं उघडं.

"फिल्टर दर वर्षी बदलायचा असतो," मेकॅनिक म्हणाला. "आणि या वायरी एकमेकींना टेकल्या असत्या, तर चालत्या गाडीत आग."

तिने सासूबाईंकडे पाहिलं. हीच हवा छातीत भरून सासूबाई खोकत होत्या, आणि आपण त्यांना औषधं पाजत होतो.

फोन केल्यावर नवरा आला. तो गोळा बघून त्याने नाक दाबलं. "निघालं ना? झालं तर मग," म्हणाला आणि रुमाल काढून दारावरचे मेकॅनिकच्या बोटांचे काळे डाग पुसू लागला.

उंदरांची किळस आली होतीच, पण ते पुसणं बघून तिला खरी शिसारी आली.

"किल्ली यापुढे माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "गाडी कधी तपासायची तेही मीच ठरवणार."

"एवढ्याशा उंदरांवरून?"

"आईंना विचार."

सासूबाई मुलाकडे न बघता म्हणाल्या, "वायरी बदलल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही. तू बस पुसत."

वायरी आणि फिल्टर बदलून घेतल्यावर गाडीतून परतताना सासूबाई एकदाही खोकल्या नाहीत. रात्री ती जेवायला बसली. नवरा शेजारी मिटक्या मारत जेवत होता. तिने आपलं ताट उचललं आणि ती सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसली.