पोटातलं पाणी

मी एक जुना टायर आहे. ट्रॅक्टरचा, मागच्या उजव्या बाजूचा. मित्रांनो, माझी एक कड आता चिरली आहे आणि ट्युनिशियातल्या मक्तरच्या डोंगरात, ऐन झितून नावाच्या वाडीत मी उन्हात पडून असतो. पण एका दुपारी या वाडीची सगळी तहान माझ्यावर येऊन ठेपली होती. ती दुपार तुम्हाला सांगावी म्हणून हे बोलणे.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यातून मी बाहेर आलो तेव्हा माझे दात बोटभर उंच होते. वाडीतल्या मोंजी नावाच्या शेतकऱ्याने मला आणि मागच्या डाव्या बाजूच्या माझ्या जोडीदाराला एकाच दिवशी आपल्या ट्रॅक्टरला बसवले. मोंजी मनाने चांगला, पण उतावळा. त्याचा ट्रॅक्टर हलका आणि जमीन चढाची. नांगर जरा खोल गेला की मी जागच्या जागी गरगर फिरायचो. खडे उडायचे, माझे दात झिजायचे, ट्रॅक्टर मात्र वीतभरही सरकायचा नाही.

वाडीत खमाइस नावाचे म्हातारे मिस्त्री होते. बांधावर बसून ते ओरडायचे, "अरे मोंजी, उपाशीपोटी कुणी ओझं ओढतं का? चाकांत पाणी भर!"

"काका, इथं मेंढ्यांना पाणी नाही, चाकांना कुठून पाजू?" मोंजी हसून म्हणायचा.

खरेच पाणी नव्हते. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि दोन हिवाळे कोरडे गेले होते. चौदा घरांना मिळून जमिनीखाली एक टाके होते आणि त्याच्या झाकणाची किल्ली सालिहाबाईंच्या कमरेला असे. त्या रोज सकाळी प्रत्येक घराला मोजून पाणी देत. त्या ऑगस्टमध्ये टाक्यात जेमतेम दोन दिवसांचे पाणी उरले होते. आणि त्याच आठवड्यात, वर्षभर अर्ज केल्यावर, बोअर खणणारी मोठी गाडी वाडीकडे यायला निघाली.

ती आली, पण वाडीखालच्या शेवटच्या चढावर अडली. सुट्या खड्यांत तिची चाके रुतत होती. मागे जायला उतार होता, वर यायला वाट नव्हती. गाडीचा प्रमुख नूमान घड्याळ बघत म्हणाला, "चार वाजेपर्यंत थांबतो. नंतर मागे फिरणार. पुढच्या गावाला उद्या सकाळचा शब्द दिलाय."

"आणि आमची पाळी परत कधी?" सालिहाबाईंनी विचारले.

"ते मला विचारू नका बाई. यादी फार लांब आहे."

मोंजीने साखळी लावली आणि ट्रॅक्टर रेटला. मी फिरलो, फिरलो, फिरतच राहिलो. माझ्या अंगाचा करपट वास सुटला. गाडी हलली नाही. मग वजन वाढावे म्हणून कुणीतरी ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर दगड रचले, चार माणसे वर चढली. मोंजीने पुन्हा जोर लावला आणि ट्रॅक्टरचे नाक हातभर वर उचलले गेले!

"क्लच दाब! दाब म्हणतो ना!" खमाइसकाका किंचाळले. नाक धाडकन खाली आले. मोंजीच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. आणखी हातभर उचलले असते तर ट्रॅक्टर त्याच्यावरच उलथला असता.

"दगड काढा, माणसं उतरवा," काका म्हणाले. "वजन मागं लोंबकळून चालत नाही. ते चाकांच्या पोटात हवं. नाकावर मातीची पोती बांधा, साखळी खालच्या कडीला लावा. आणि पाणी आणा. अठरा डबे."

टाक्यात जेमतेम वीसेक डबे होते.

"माणसं तहानलेली आणि रबराला पाणी पाजायचं?" एक तरुण आई कडाडली. तिच्या कडेवर मूल होते. "सालिहामावशी, किल्ली दिलीस तर बघ!"

सालिहाबाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली होती. त्या चढाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आज रबराला पाजलं नाही, तर परवा तुझ्या लेकराला काय पाजू? डोळ्यांतलं पाणी?"

त्यांनी किल्ली काढली. डबे गाढवांवरून खाली आले. ट्रॅक्टर जॅकवर उचलला, हवा भरायचे माझे तोंड वरच्या बाजूला फिरवले, आतली बारीक खीळ काढली आणि उंचावर ठेवलेल्या पिंपातून नळीने पाणी सोडले. थोडे पाणी आत, मग नळी काढून थोडी हवा बाहेर, पुन्हा पाणी. घाई करून चालत नव्हते आणि तीन वाजून गेले होते. बायका रांगेत उभ्या राहून प्रत्येक डबा मोजत होत्या. थेंब सांडला की कुणाचा तरी श्वास अडकायचा. तोंडापर्यंत पाणी आल्यावर काकांनी हात केला, "बस! वरचा चौथा हिस्सा हवेला ठेवायचा." मग त्यांनी हवा भरली आणि माझ्या जोडीदारालाही तसेच पाजले. अठरावा डबा पालथा करून सालिहाबाईंनी कडेला उरलेला ओलावा बोटाने पुसला आणि ओठांना लावला.

चाराला दहा मिनिटे कमी होती.

"सगळ्यात हळू गिअर," काका म्हणाले. "पोटातलं पाणी हलता कामा नये. तुझ्याही!"

साखळी ताणली. खाली मोठ्या गाडीचे इंजिन घुमू लागले. आम्हा दोघांच्या पोटात वाडीची दोन दिवसांची तहान होती आणि मी तिच्या भाराने जमिनीत दाबला जात होतो. दात खड्यांत शिरले, खालच्या घट्ट मातीला भिडले. एकदा घसरलो. वर उभ्या असलेल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. मग माती सापडली. गाडी वीतभर वर आली. नूमानच्या माणसांनी तिच्या चाकांमागे दगड सरकवले. पुन्हा वीतभर, पुन्हा दगड. असे करत, किती वेळाने कोण जाणे, ती सपाटीवर चढली.

सालिहाबाईंनी आनंदाची किलकारी द्यायला तोंड उघडले. घसा इतका सुकला होता की आवाजच फुटला नाही.

पुढचे तीन दिवस लोकांनी दूरच्या झऱ्यावरून घोटघोट पाणी आणले. चौथ्या दिवशी बोअरला पाणी लागले. किंचित मचूळ, पण भरपूर. नूमानने पहिला पेला त्या तरुण आईच्या हातात दिला. वाडीने माझे फार कौतुक केले. लग्नात घालावी तशी रंगीत चिंध्यांची माळही मला घातली.

आणि मग सगळे मला विसरून गेले. खमाइसकाका सांगत राहिले, "मोंजी, काम झालं, पाणी काढ. थंडीत गोठेल." मोंजी म्हणायचा, "राहू दे काका, बरकत आहे ती." डांबरी रस्त्यावरही मी ते ओझे वाहिले. हवा कमी झाली, कुणी बघितले नाही. काका अंथरुणाला खिळले तेव्हा आठवण करून देणारेही कुणी उरले नाही. जानेवारीत बर्फ पडले. एका सकाळी माझ्या पोटातले पाणी दगड झाले होते आणि मोंजीने घाईत ट्रॅक्टर हाकला. शंभर पावलांवर माझी कड चिरली.

मोंजी गुडघ्यांवर बसून चिरेवरून हात फिरवत राहिला. सालिहाबाई आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "एकदा तरी वाकून बघायचं होतंस, बाळा."

मित्रांनो, ओझे घातल्याचा मला राग नाही. ते नसते तर मी नुसता फिरत राहिलो असतो. पण तुमच्या कामासाठी कुणी भार उचलला असेल, मग ते चाक असो, जनावर असो की माणूस, तर काम झाल्यावर तो उतरवायला परत या. माळ नाही घातलीत तरी चालेल.