तिघींना पुरलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी झुलती खुर्ची आहे. शिसवी वगैरे नाही हं, साध्याच लाकडाची; पण सुताराने माझे हात असे घासले होते, की त्यांवरून फिरणारा हात तिथेच रेंगाळावा.

थोरली पोटात असताना आईने मला घरी आणलं. त्या काळी सरकार प्रत्येक मुलामागे दरमहा भत्ता द्यायचं. बाबांच्या पगाराला त्याची जोड असे, म्हणून आई संध्याकाळी घरी असायची. थोरली एका मांडीवर, धाकटी ठमी दुसरीवर. आई गोष्ट सांगायची, मी कुरकुरत झुलायचे. "आई, खुर्चीपण हुंकार देतेय!" ठमी म्हणायची. असं कौतुक माझं आधी कुणी केलं नव्हतं.

मग भत्ता बंद झाला. पोटाला चिमटे काढून पाहिले, तरी हातातोंडाची गाठ पडेना. आईने बेकरीत संध्याकाळचं काम धरलं. बाबा करपलेली भाजी वाढायचे अन् म्हणायचे, "खरपूस झालीय, खा!" मुली हसायच्या, पण डोळे दाराकडे. ठमी आईचं स्वेटर पांघरून माझ्यात मुटकुळं करून झोपायची. तिला झुलवावं असं फार वाटे. पण कुणी झोका दिल्याशिवाय खुर्ची हलत नसते.

थंडीत थोरलीचे बूट फाटले. मला विकून नवे घ्यावेत, म्हणून आईने जुन्या सामानाच्या दुकानदाराला बोलावलं. ठमी मला घट्ट धरून बसली.

"मी उठणारच नाही!"

आई रागावली नाही. तिने ठमीला उचललं, स्वतः बसली आणि तिला मांडीवर घेतलं.

"तूही ये गं," ती थोरलीला म्हणाली.

"मी मोठी झालेय, आई. मावणार नाही."

"ये तर खरी."

मावल्या तिघी. दुकानदार दारातूनच मागे वळला. "बसा वहिनी, मला घाई नाही."

पण शेवटी त्याने मला नेलंच. आता मी त्याच्या दुकानात काचेमागे असते. लोक बसून बघतात, उठून जातात. रस्त्यावर मुलींचं हसू ऐकू आलं, की माझा जीव खालीवर होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर अधूनमधून फडकं मारत जा. आणि आईबाबा दमून घरी आले, की लांब बसू नका. मांडीत मावत नसलात, तर खेटून बसा. दिवसभर त्यांनाही तुमची आठवण येत असते.